बंदीतलं अंजीर

माझ्या भाच्याकडे दोन पासपोर्ट आहेत, फ्रान्सचा तांबडा आणि अल्जीरियाचा हिरवा. दोन्ही त्याने माझ्या रव्याच्या डब्यामागे ठेवून दिलेत. तिथे का, तर म्हणे, "आत्या, या गावात मला ते कुणी विचारत नाही." खरं आहे. अल्जीरियाच्या डोंगरातल्या आमच्या ताला इग्रानमध्ये पासपोर्ट कुणी विचारत नाही. आमच्याकडे विचारतात, तू कुणाचा? आणि त्याचं बरोबर उत्तर दिलं तरी लगेच काम होतं असं नाही.

कोसेला माझ्या थोरल्या भावाचा, अरेझ्कीचा, मुलगा. जन्म तिकडचा, फ्रान्समधल्या ग्रेनोब्लचा. फुटबॉल हेच त्याचं पोट, पण हा गोल मारणाऱ्यांतला नव्हे, मधल्या फळीतला. पहिल्यांदा टीव्हीवर त्याचा सामना पाहिला तेव्हा मी फार चिडले होते. सगळा वेळ हा मधेच धावतोय, मागच्याकडून चेंडू घेतोय, पुढच्याला देतोय, आणि टाळ्या खातोय तो पुढचा! मी फोनवर म्हटलं, "अरे, तू तर लग्नातला वाढपी आहेस. पंगत ढेकर देते आणि हा उपाशी!" तो पोट धरून हसला. तेव्हापासून कुणी विचारलं की मैदानात कुठे खेळतोस, तर सांगतो, वाढप्याच्या जागी.

विशीच्या आत तो फ्रान्सच्या पोरांच्या संघातून खेळला. पुढे अल्जीरियाचं बोलावणं आलं, तेव्हा त्याने हिरवा सदरा घातला. अरेझ्की त्या दिवशी फोनवर लहान पोरासारखा रडला, आणि मीही रडले, उगाच कशाला लपवू. पण सदरा घातला म्हणून माणूस आपला होतो थोडाच. तिकडची वर्तमानपत्रं जिंकला की त्याला "आपला" म्हणत, हरला की "अल्जीरियन". इकडे अल्जीयर्सच्या मैदानात एक पास चुकला की मागून हाक यायची, "ए झमिग्री, जा परत!" तिकडे राहणाऱ्यांना आमची माणसं झमिग्री म्हणतात. नावात शिवी नाही, आवाजात असते. पुढे तो बेल्जियममध्ये खेळला, तुर्कस्तानात खेळला, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करून घेतली, आणि शेवटची दोन वर्षं इथे जवळच, तिझी ओझूत काढली. जूनमध्ये करार संपला. एक पिशवी घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, झालं. आता पाय माझे."

नवरा गेल्यापासून मी वडिलांच्याच घरात राहते. भाऊ तिकडे, बहिणी सासरी. या एवढ्या मोठ्या घरात मी आणि एक मांजर. त्यामुळे पोराला पाहून मला काय वाटलं ते सांगायला नकोच. नवी गादी काढली, कोंबडी कापली, त्याला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू दिला नाही.

आठवडाभराने तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"आत्या, एक विचारू? तिमेश्रेतच्या दिवशी माझं नाव घेतील?"

तिमेश्रेत आमच्याकडे ऑगस्टात होतो. गाव मिळून बैल कापतं. मग गावसभेच्या अंगणात नेच्याची पानं अंथरून मांसाचे सारखे वाटे मांडतात, माणशी एक. श्रीमंताला मोठा नाही, गरिबाला लहान नाही. बेलाइद नावाचा आमचा दवंडीवाला घरागणिक हाका मारतो, सगळं गाव त्याला तोंडपाठ आहे. ज्याचं नाव गावच्या माणसांच्या मोजणीत, त्याचा वाटा. पाहुण्यांना वाटा नसतो, त्यांना शिजवून वाढतात, तेही सगळ्यांच्या आधी आणि चांगला तुकडा बघून.

"तुला काय कमी आहे?" मी म्हटलं. "तुला मी भरपूर खाऊ घालीन की."

"खायचा प्रश्न नाही. ग्रेनोब्लमध्ये पोरांना फुटबॉल शिकवायची नोकरी आहे, तिझी ओझूतही आहे. दोघांना ऑगस्टअखेर उत्तर द्यायचंय. मला इथे राहायचंय, आत्या. आजोबांच्या या घरात. पण पाहुणा म्हणून कुणी जन्मभर राहू शकतं का?"

मी कणीक मळत राहिले.

त्याचं म्हणणं मला पुरतं कळलं ते चार दिवसांनी. दर उन्हाळ्यात आमच्या डोंगरातल्या गावांची फुटबॉलची स्पर्धा असते. नियम एकच: मोजणीतला माणूस असेल तरच गावाकडून खेळायचं. कोसेला मोजणीत नाही, पण सरावाला कोण नको म्हणणार! दफनभूमीच्या वरच्या उतारावर आमचं मैदान आहे, मी भिंतीवर शेजारणींबरोबर बसून पाहत होते. कोसेलाकडे चेंडू आला. समोर यिदीर. हा यिदीर आमचा पाववाला, बैलासारखा माणूस, त्याने गेल्या वर्षी स्वतःच्या मेहुण्याची नडगी फोडली होती. यिदीर दोन पावलं पुढे आला, कोसेलाला पाहिलं आणि चक्क बाजूला झाला. हात छातीवर ठेवून! पुढचाही बाजूला झाला. कोसेला चेंडूवर पाय ठेवून मैदानाच्या मधोमध उभा राहिला.

"अरे, या ना अंगावर!" तो ओरडला. "घ्या की काढून!"

सगळे हसले. कुणी आलं नाही.

घरी येऊन त्याने जेवणाला हात लावला नाही. "फ्रान्समध्ये मला पाडलं," म्हणाला. "तुर्कस्तानात तर असं पाडलं की आठवडाभर उठलो नाही. जिथे जिथे खेळलो तिथे लोकांनी पाडलं. फक्त माझ्या गावात मला सगळे वाट सोडतात."

मी सभेच्या प्रमुखाला, अमीन मोक्रानला गाठलं. मोक्रान माझ्या भावाचा वर्गमित्र, सगळं गाव त्याला मानाने दा, म्हणजे दादा, मोक्रान म्हणतं, आणि तो स्वतःलाही बहुधा दा मोक्रानच म्हणत असावा. मी म्हटलं, पोराचं नाव घ्या.

"फरूजा, अगं काय बोलतेस!" तो म्हणाला. "इतका मोठा खेळाडू, त्याला आम्ही रांगेत उभा करू? तो आमचा मान आहे. अंतिम सामन्याला तो प्रमुख पाहुणा. फलक छापून आला, त्याच्या फोटोसकट. छत्री लावतोय, गादीची खुर्ची आणलीय. चषक त्याच्या हस्ते."

"त्याला खुर्ची नकोय. त्याला खेळायचंय."

"मोजणीत नसलेला खेळला तर समोरच्या आइत वाली गावचे लोक आपल्याला बाद करतील. आणि मोजणीत घ्यायचं तर काहीतरी निमित्त हवं ना! इथे ना तो जन्मला, ना कधी गावच्या कामाला आला, ना कुणाशी भांडला. असं उगाच कसं घेणार?"

झालं. गादीच्या खुर्चीवर एकदा बसवलं की माणूस संपला, हे त्या मोक्रानला कुणी सांगावं?

आता अंजिराचं. आमच्याकडे अंजिरं पिकायला लागली की सभा बागांवर बंदी घालते. बेलाइद दवंडी पिटतो, आणि बंदी उठेपर्यंत कुणी फळ तोडायचं नाही, स्वतःच्या झाडाचंसुद्धा नाही. म्हणजे कच्ची ओरबाडली जात नाहीत आणि सगळी बाग एकदम पिकते. मोडली बंदी तर दंड. पैशाचा दंड आम्ही कधीच बंद केला, कारण तिकडून आलेले तो हसत हसत भरायचे आणि वर विचारायचे, आणखी दोन किलोचे किती? आता दंड म्हणजे दगड वाहायचे, तेही नाव पुकारून, भर चौकात.

सामन्याच्या आदल्या शुक्रवारी कोसेला सकाळी धावायला गेला तो परत आला चेहरा उजळलेला, आणि ओंजळीत दोन अंजिरं. काळी, देठाशी दूध आलेली.

"आत्या, आजोबांच्या झाडाची! दोन तिथेच खाल्ली. ही तुला."

माझ्या हातातला चमचा खाली पडला. "अरे देवा! बंदी आहे, बाबा! बेलाइद दोन दिवस बोंबलतोय, कान कुठे होते?"

"मला वाटलं ते लग्नाचं आमंत्रण देतायत." आमची कबाईली बोली त्याला तशी बरी येते, पण बेलाइद दवंडी देताना अर्धे शब्द गिळतो, ते आम्हालाही सवयीनेच कळतात. कोसेला हातातल्या अंजिरांकडे पाहत म्हणाला, "मग आता मला काय होईल?"

"तुला काय व्हायचंय? पाहुण्याला सगळं माफ. वाटसरूने बागेत शिरून पोटभर खाल्लं तरी आम्ही काही म्हणत नाही."

त्याचा चेहरा असा उतरला की बघवेना. अंजिरं ताटलीत ठेवून तो मान खाली घालून बसला. मी त्या ताटलीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा ताटलीकडे. आणि मला एकदम इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं.

"ऊठ," मी म्हटलं. "तोंड धू. आणि ती अंजिरं घे. खबरदार एक जरी खाल्लंस तर."

मी डोक्याला नवा रुमाल बांधला, त्याचा दंड धरला आणि सरळ सभेच्या अंगणात गेले. शुक्रवारची सभा भरली होती. तिथे बायका बसत नाहीत, म्हणून मी बसले नाही, कमानीखाली उभी राहिले. उभं राहायला कुणाची बंदी नाही.

"दा मोक्रान," मी मोठ्याने म्हटलं, "माझ्या घरात चोर सापडलाय. निवाडा करा."

सगळ्या माना वळल्या. कोसेलाने ओंजळ पुढे केली. कुणीतरी "अरेरे" म्हणालं, कुणीतरी खोकलं. मोक्रानने अंजिरं पाहिली, आणि तोंडभर हसून हात हलवला.

"जाऊ दे गं फरूजा. पोराला काय ठाऊक! पाहुणा आहे, खाऊ दे की. खा रे बाबा, खा."

"पाहुणा ना? ठीक," मी म्हटलं. "मग मला एक सांगा. पाहुण्याने बागेत खावं, हे मान्य. पण बागेतून फळ हातात घेऊन जावं का?"

मोक्रानचं हसू तिथेच थांबलं. वाटसरूने खावं, पण न्यायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. परका माणूस फळ घेऊन निघाला की तो पाहुणा राहत नाही, चोर होतो.

"हा दोन अंजिरं घेऊन चौक ओलांडून आला," मी म्हटलं. "परका असेल तर चोर आहे, तसं जाहीर करा. फलकावर त्याच्या फोटोखाली लिहा. आणि चोर नसेल तर आपला आहे. मग बंदी मोडल्याचा दंड करा. दोन्हीपैकी काय ते बोला, माझा चुलीवरचा रस्सा करपतोय."

इकडे आड, तिकडे विहीर. मोक्रान दाढी खाजवू लागला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिला फुटला तो यिदीर पाववाला, त्याचं पोट हलायला लागलं आणि मग आवाज आला. "दा मोक्रान, म्हातारीने तुझ्या दोन पायांमधून चेंडू काढला!"

"म्हातारी कोण रे?" मी म्हटलं, पण कुणी ऐकलं नाही, इतका हशा उसळला होता.

मोक्रानने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो कोसेलाकडे वळला, आणि आता त्याचा सूर पाहुण्याशी बोलायचा नव्हता. "काय रे, तुझं काय म्हणणं?"

"मी अंजिरं तोडली," कोसेला म्हणाला. "आजोबांच्या झाडाची. दंड सांगा."

"परक्याला दंड करायचा आम्हाला अधिकार नाही."

"माहीत आहे, दा."

मोक्रान चढेल आहे, पण मूर्ख नाही. आपल्याला कुठे आणून सोडलंय ते त्याला कळलं होतं, आणि मला वाटतं, मनातून त्याला ते आवडलंही होतं. कोसेला ज्या दिवशी पहिल्यांदा हिरवा सदरा घालून टीव्हीवर दिसला, त्या दिवशी याच मोक्रानने हवेत बंदूक उडवली होती.

"बेलाइद," तो म्हणाला, "पुकार. अरेझ्कीचा कोसेला, बंदी मोडली. झऱ्याच्या वाटेचं काम संपेपर्यंत दगड वाहील. आणि तू रे, दंड झाला म्हणून छाती काय फुगवतोस? लाज वाटू दे जरा!"

बेलाइद चौकात उभा राहून ओरडला. या वेळी एकही शब्द गिळला नाही, मेल्याने. खालच्या आळीपर्यंत ऐकू गेलं. माझा भाचा भर गावात अंजीरचोर ठरला, आणि मी आयुष्यात इतक्या ताठ मानेने घरी गेले नसेन. रस्सा मात्र करपला होता.

मग त्याने दगड वाहिले. झऱ्याची वाट गेल्या हिवाळ्यात खचली होती. पहिल्या सकाळी कुणीतरी सवयीने त्याला खुर्ची आणून दिली, तर यिदीरने ती काढून घेतली आणि स्वतः बसला. "शिक्षा तुला आहे, मला नाही," म्हणाला. "तो मोठा उचल. मोठा म्हटलं ना! पाय सोन्याचे असतील, हात तर आहेत?" संध्याकाळी पोरगा घरी आला तो बोटं सोललेली, सदरा फाटलेला. मी कांदा चिरत होते. मी म्हटलं, पाणी घे तुझं तू. त्याने घेतलं, आणि माझंही आणलं.

अंतिम सामना आइत वालीशी. ज्याला गाव दंड करतं तो गावच्या मोजणीतलाच, म्हणून त्यांनीही कोसेलाच्या खेळण्याला हरकत घेतली नाही. फलक उतरवायला कुणालाच वेळ मिळाला नाही, म्हणून "आपले प्रमुख पाहुणे" या अक्षरांखाली त्याचा हसरा फोटो, आणि त्या फोटोसमोर तोच, आमच्या गावच्या विटक्या सदऱ्यात. छत्रीखालच्या गादीच्या खुर्चीत मोक्रानची आई बसली होती. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण खुर्ची फार आवडली.

आइत वालीवाले सुरुवातीला तसेच वाट सोडायला लागले. तेव्हा आमच्याच बाजूने यिदीर ओरडला, "अरे, मारा त्याला! तो आमचाच आहे, अंजीरचोर!" त्यांचा एक आडदांड पोरगा आला आणि त्याने कोसेलाला असा उडवला की तो थेट भिंतीपाशी, माझ्या पायांशी, येऊन पडला. गुडघ्यातून रक्त येत होतं. मी घाबरून खाली वाकले. बघते तर पठ्ठ्या मातीत पडून हसतोय.

खेळला मात्र वाढप्यासारखाच. मागून घ्यायचं, पुढे द्यायचं, दम म्हणून घेतला नाही. बरोबरी झाली. आणि अगदी संपत आलेलं असताना त्याने एक पास दिला तो सरळ आइत वालीच्या पायात. त्यांनी गोल केला. आम्ही हरलो.

मग काय विचारता! पूर्ण गाव त्याच्यावर तुटून पडलं. "पाय आहेत की नांगर?" "तुर्कांनी हेच शिकवलं का?" "अंजिरं तोडताना बरी नजर होती!" मोक्रान तर छत्रीखालून बाहेर येऊन आपली टोपी जमिनीवर आपटत होता. "मेल्या, समोर यिदीर मोकळा होता! एवढा मोठा यिदीर तुला दिसला नाही?" मी कान देऊन ऐकत होते. एवढ्या शिव्यांत "झमिग्री" म्हणून एकदाही कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तिमेश्रेत. पहाटेच बैल कापले होते. या वेळी कोसेला पाहुण्यांच्या चटईवर नव्हता. बाह्या वर करून तो कापणाऱ्यांना पातेली आणून देत होता आणि मधे येतो म्हणून शिव्या खात होता. अंगणभर नेच्याची पानं, पानांवर वाटे. कडेला आम्ही बायका.

बेलाइद दगडावर चढला आणि हाका सुरू झाल्या. वरच्या आळीपासून, घरामागून घर. नाव, आकडा, आणि त्या घरातलं कुणीतरी पुढे होऊन परात धरतं. मला त्या हाकांची चाल पाठ आहे. माझे वडील होते तेव्हा आमच्या घराच्या नावापुढे तो "नऊ" म्हणायचा. मग आठ, मग सहा. बहिणी सासरी गेल्या, भाऊ फ्रान्सला गेला, आई देवाघरी गेली. आता घर थोरल्या भावाच्या नावाने पुकारतात, आणि कित्येक वर्षं त्यापुढे "एक" एवढंच येतं. मी परात नेतही नाही, एका वाट्याला वाडगा पुरतो. माझ्यामागे ती एक हाकही बंद होणार, हे मी कधीच स्वतःशी कबूल करून टाकलं होतं.

त्या दिवशीही मी वाडगाच नेला होता. सवय.

"अरेझ्कीचं घर!" बेलाइद ओरडला. आणि थांबला. मुद्दाम थांबला, मेला. माझ्याकडे पाहिलं, मग पातेली घेऊन उभ्या असलेल्या कोसेलाकडे.

"दोन!"

कोसेला तिथेच उभा राहिला. पुढे व्हायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. यिदीरने मागून ढकललं, "जा की, आता काय वाढून देऊ?" तेव्हा तो पुढे आला, दोन वाटे उचलले, आणि माझ्यासमोर उभा राहिला. वाडग्यात ते मावेनात. मला रडू आवरेना, म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

"बघतोस काय? घरी जा आणि परात घेऊन ये. फळीवर आहे, वरच्या. धुऊन आण, बरीच वर्षं काढली नाहीये."